फुकट प्रत मिळणार नाही!

स्वतः पुस्तक काढलं की ओळखीतला जो तो हक्काने फुकट प्रत मागतो. का म्हणून? संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, मांडणी, छपाई, सगळा खर्च लेखकाच्याच खिशातून होतो. वितरक छापील किमतीतला मोठा वाटा कमिशन म्हणून कापतात आणि न खपलेले गठ्ठे परत माझ्याच घरी पाठवतात! पुस्तकावर १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असला, तरी 'प्रकाशक कोण?' विचारून नाकं मुरडणारे आहेतच. (अहो, मीच!) एखादा अनोळखी वाचक पूर्ण किंमत मोजतो, मधल्याच कुठल्यातरी प्रसंगाबद्दल भरभरून लिहून कळवतो, तेव्हा सगळा शीण उतरतो. जवळचे मात्र फुकट नेलेली प्रत उघडूनही बघत नाहीत. विकत घ्या ना, मित्रांनो!