सूर का तुटतो, का उडी मारतो: दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. गिटारचा आवाज सिंथेसायझरसारखा करणाऱ्या आमच्या सिंथ पेडलला दोन स्टार देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: धरलेला सूर दोन सेकंदांत तडतडून तुटतो, खालच्या ई तारेवर तो मधेच एक सप्तक वर उडतो आणि कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक सूर) धरली की नुसती खरखर. तिन्ही खऱ्या आहेत. पहिलीत चूक आमची आहे.

आतला कंपॅरेटर, म्हणजे पातळी तपासणारा भाग, गिटारच्या लहरीचा चौकोनी सिग्नल करतो. लहर ठरावीक पातळीखाली गेली की सूर सुटतो. ही पातळी आम्ही हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा जोरदार पिकअप असलेल्या गिटारवर लावली होती. तुमची सिंगल कॉइल, तिचा सिग्नल कमी. तळाचे चार स्क्रू काढा, इनपुट जॅकजवळ निळा प्रीसेट, म्हणजे ही पातळी बदलणारा छोटा स्क्रू, दिसेल. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, जी तार वाजती ठेवा आणि प्रीसेट डावीकडे अगदी थोडा, मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच फिरवा. फार फिरवलात तर तारांवर हात ठेवून गप्प बसलात तरी पेडल घुरघुरेल, कारण ते विजेचा 50 हर्ट्‌झचा हमसुद्धा सूर समजतं. घुरघुर लागली की किंचित मागे या. उघडायचं नसेल तर पाठवा, दोन्ही बाजूंचं कुरिअर आमच्याकडे. यापुढे ऑर्डर घेतानाच पिकअप विचारू.

सूर उडतो तो दुसऱ्या हार्मोनिकमुळे, म्हणजे मूळ सुरातच मिसळलेल्या दुप्पट वारंवारतेच्या सुरामुळे. जाड तार ब्रिजजवळ छेडली की तो इतका जोरदार असतो की एका आवर्तनात लहर एकदाऐवजी दोनदा शून्याच्या वर चढते आणि पेडल दोन मोजतं. गळ्याजवळचा नेक पिकअप घ्या, गिटारचा टोन 3 वर आणा, बाकीच्या तारा तळहाताने दाबा. तुमच्या फोटोत डिले (प्रतिध्वनीचं पेडल) आधी आणि सिंथ नंतर जोडलाय. तसं केलं की आधीच्या सुराचा प्रतिध्वनी नव्या सुरात मिसळतो. सिंथ सगळ्यात आधी, गिटारला लागून हवा.

कॉर्डचं कारणही हेच: दोन सुरांची बेरीज झालेली लहर या सर्किटला मोजताच येत नाही. 1970 चा मिनीमूग सिंथेसायझरही एका वेळी एकच सूर वाजवायचा, पण त्यात किंचित बेसूर लावता येणारे तीन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) होते, त्यांच्या फरकाने सूर थरथरतो, म्हणून तो भरदार. आमचा खालचा सप्तक 4013 या चिपमधला, वारंवारता निम्मी करणारा फ्लिप-फ्लॉप काढतो. तो मूळ सुराला घट्ट बांधलेला, त्यामुळे ती थरथर येत नाही. पेडलनंतर संथ कोरस (सुराची किंचित बेसूर नक्कल मिसळणारं पेडल) जोडला की आवाज त्याच्या बराच जवळ जातो. आणि मोकळी ई 82 हर्ट्‌झची, दोन सप्तक खाली 20. आठ इंची स्पीकर ते वाजवत नाही, फक्त फडफडतो. जाड तारेवर वाजवताना दोन सप्तक खालच्या सुराची नॉब शून्यावर ठेवा.

प्रॉफेट-5 या अनेक सूर एकत्र वाजवणाऱ्या सिंथेसायझरसारख्या कॉर्ड हव्या असतील तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा सिंथ9 किंवा बॉसचा एसवाय-1 बघा, ते डिजिटल आहेत आणि कॉर्ड घेतात. एका वेळी एकच सूर वाजतो हे आमच्या वर्णनात ठळक नव्हतं, आज घातलं. कॉर्डसाठीच घेतलं असेल तर पूर्ण पैसे परत. प्रीसेट फिरवलेला असला तरी चालेल.