होडीला ठिबक

समुद्र पाहायचा तर आम्हा जळगावकरांना रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. अशा गावात शिडाची होडी घेणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते मला आता पाठ झालंय. आधी होडीकडे, मग माझ्याकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे. बायकोकडे बघताना नजरेत कणव असते.

होडी पुण्याहून आली, तीही केळीच्या ट्रकमधून. रावेरची केळी उतरवून ट्रक रिकामाच परतणार होता. ड्रायव्हरने केळीच्या वाळक्या पानांवर ती पालथी घालून आणली आणि भाडं मोजताना विचारलं, "साहेब, इच्यात काय पिकवनार?"

जात एन्टरप्राइज. इंग्लंडातल्या जॅक होल्टने १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फुटांची, प्लायवूडची. हिची शिडं निळी असतात. आमचीही निळी होती, असं विकणारा म्हणाला.

आता मुद्द्याची गोष्ट. या होडीच्या तळाला मधोमध एक लांबट भोक असतं. पडलेलं नव्हे, पाडलेलं. त्यावर आतून एक उभी अरुंद पेटी बसवलेली असते आणि त्या पेटीतून सेंटरबोर्ड नावाचं फळकूट खाली पाण्यात सोडायचं. ते नसलं तर आडव्या वाऱ्यात होडी खेकड्यासारखी बाजूला सरकते. उथळ पाणी आलं की ते वर ओढून घ्यायचं. पेटीत पाणी बाहेरच्या पातळीइतकंच चढतं आणि पेटीची वरची कड त्याहून उंच असते, म्हणून होडी बुडत नाही. हे सगळं मी बायकोला कागदावर चित्र काढून समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन भोक असलेली होडी आणलीत."

फेब्रुवारीत होडी टेम्पोत घालून चांगदेवला नेली. तिथे तापी-पूर्णेचा संगम आहे आणि हतनूर धरणाचा फुगवटा तिथवर येतो. ज्या चांगदेवांसाठी ज्ञानेश्वरांनी निर्जीव भिंत चालवली, त्यांच्या गावात माझी चांगली शिडाची होडी वीस मिनिटांत पाणी भरून जागेवर बसली. बापू नावाचा मित्र पुढे होता. त्याने शेवभाजीचा डबा आधी मांडीवर, मग छातीशी आणि शेवटी डोक्यावर धरला. पोहता त्याला येत नाही, पण डबा कोरडा राहिला.

पाणी होडीच्या मागच्या टोकाला साचत होतं, म्हणून मी मागचं टोक बुजवलं. पाणी आलं. पुन्हा बुजवलं. पुन्हा आलं. तिसऱ्या खेपेला बापू म्हणाला, "तू मागे बसतोस ना? म्हणून मागे साचतंय." त्याचं खरं होतं. स्लॅब गळतो एकीकडे आणि पंख्यावर टपकतो दुसरीकडे, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मला होडीत बसल्यावर ते आठवलं नाही, एवढंच.

मग अमळनेरचा सुतार आणला. त्याने पेचकसाच्या मुठीने होडीचा तळ ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक, आणि मग एके ठिकाणी थब्ब. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं मडकं ओळखलं, तसं त्याने कुजलेलं प्लाय ओळखलं. नंतर माझ्या डोक्याकडेही जरा रोखून पाहिलं. "भाऊ, हाई नाव शे का चाळनी?" असं विचारून त्याने इलाज सांगितला: "पानीमा दोन दिन ठेवा, लाकूड फुगी जाई." बैलगाडीच्या चाकाला हा इलाज लागू पडतो. फळ्या जोडून केलेल्या नावेलाही पडतो. पण प्लायवूड म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यांचा थर. ते फुगलं तर भेग मिटत नाही, थर सुटतात. मला हे ठाऊक होतं. तरी सुतारासमोर मी मान डोलावली. ती सवय जुनी आहे.

पेटीच्या खालच्या अंगाला एक आडवा बोल्ट असतो, त्याच्यावर फळकूट फिरतं. हा बोल्ट कायम पाण्याखाली. त्याचे रबरी वॉशर लाकडाहून कडक झाले होते. नवे आणायला ठिबकच्या दुकानात गेलो. जळगाव हे ठिबक सिंचनाचं गाव. पाणी थेंबाथेंबाने कसं पडावं हे शिकायला लोक दुरून इथे येतात. दुकानदाराने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाला, "होडीला ठिबक? ताशी किती लिटर पडतं?" मी खरा आकडा सांगितला. "मग बंद कशाला करता?" वॉशर मात्र त्याने बरोबर मापाचे दिले.

मे महिना. पारा ४४. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी. अशात मी अंगणात होडी जुन्या टायरांवर नीट टेकवून आत चार बोटं पाणी भरलं आणि बाहेरून सांध्यांवर खडूची पूड फासली, म्हणजे ओघळ कुठून निघतो ते दिसेल. शेजारच्या काकू हंडा कडेवर घेऊन कुंपणापाशी आल्या, काही न बोलता उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. पाऊण तास एक थेंबही पडला नाही. ते पाणी बादलीबादलीने कुलरमध्ये ओतलं. आठवडाभर घरात होडीचा वास वाहत होता.

म्हणजे अंगणात होडी कोरडी आणि संगमावर गळकी. चौदाशे वर्षं जगूनही कोरा, असं मुक्ताई चांगदेवांना म्हणाली. माझी वर्षं कमी आहेत, कोरेपणा तोच.

कोडं सोडवलं बापूने, तेही कंटाळून. होडी कुशीवर लावली होती. त्याने बाहेर आलेलं फळकूट धरून झोपाळ्यासारखं हलवलं. मी आत बॅटरी मारून बसलो होतो. पेटी जिथे तळाला मिळते तिथे, जुन्या रंगाखाली, केसाएवढी रेघ होती. फळकूट उजवीकडे गेलं की रेघ उघडायची, डावीकडे आलं की मिटायची. झोपलेल्या माणसाच्या ओठांसारखी. मी "हलव" म्हणायचो आणि ती तोंड उघडायची. उभ्या होडीत ती गप्प राहायची. वारा शिडात भरून फळकुटावर जोर आला की पाणी प्यायला लागायची. आम्ही दहा मिनिटं नुसतं बघत होतो.

जुनं लुकण खरवडून तिथे इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा चिकट पदार्थ, भरायचं ठरलं. दोन्ही द्रव बायकोच्या स्टीलच्या वाटीत घोटले. ४४ अंशांत ते मिश्रण माझी वाट बघत थांबलं नाही. वाटीला चटका बसू लागला, धूर निघाला आणि त्याचा दगड झाला. वाटी अजून तशीच आहे, चमच्यासकट. दुसऱ्या खेपेला पहाटे पाच वाजता पसरट ताटलीत थोडं थोडं कालवलं, वर काचेच्या कापडाची पट्टी बसवली, पेटी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी अडणी दिली. हे मात्र नीट झालं.

दसऱ्यानंतर पुन्हा संगमावर गेलो. वारा भरपूर होता. अर्ध्या तासात आत जेमतेम तांब्याभर पाणी, आणि त्यातलं निम्मं आमच्या पायांचं. बापूने शेवभाजीचा डबा खाली ठेवला. मी भरून पावलो होतो.

काठावर एक भोई दादा जाळं झटकत होते. त्यांच्या नावेत घोट्याइतकं पाणी होतं आणि एक चप्पल त्यात तरंगत होती. "काय करू राह्यले भाऊ आठ महिने?" त्यांनी विचारलं. मी वॉशरपासून काचेच्या कापडापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नावेतून तेलाचा तिरपा कापलेला पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"ह्या घ्या," म्हणाले, "माह्याकडे दुसरा हाये."