चामड्यातलं ‘ओ की ठो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘कोच’ या अमेरिकन ब्रँडच्या बॅगांकडे नव्याने पाहायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा आउटलेटमध्ये, म्हणजे सवलतीच्या दुकानांत, ढिगाने विकला जाणारा ब्रँड आहे, तो लोगोवर चालतो, किमती उगाच वाढल्यात, आणि आधी नावं ठेवून आता मी ‘पलटी मारली’. आणि शेवटी, “चामड्यातलं ओ की ठो कळत नसलं की असे लेख होतात.”

आउटलेटचं मान्य. तिथल्या बऱ्याच बॅगा आउटलेटसाठीच वेगळ्या बनवलेल्या असतात, घेणाऱ्याने ते ध्यानात ठेवावंच. किमती सगळ्यांच्याच वाढल्या, त्यावर काय बोलायचं.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडणार नाही. मतभेद खुशाल असू द्या. माझा मुद्दा कुठे चुकला हे न सांगता थेट मलाच अडाणी ठरवायचं, ही कुठली रीत? माझे वडील बॅगा आणि पट्टे दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याशेजारी बसायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायला तिथेच शिकले. बॅग हातात आली की आधी पट्ट्याच्या जोडाची शिवण बघायची, मग कापलेली कड, मग आतली बाजू. ही सवय तेव्हाची. दुरुस्तीला फार बड्या नावांच्या बॅगाही यायच्या. कडेच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, अस्तर इतकं चिकट झालेलं की आत हात घालवत नसे. नावावरून माल ओळखू नये हे मी तिथे शिकले, आणि तुम्ही मला नावावरूनच माल ओळखायला सांगताय.

जुनी कोचची बॅग कधी उघडून पाहिलीत? 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका छोट्या कारखान्यातून हा ब्रँड सुरू झाला. बेसबॉलचा ग्लव्ह वापरून वापरून मऊ होतो पण टिकतो, हे कारखाना चालवणाऱ्या माइल्स कान यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तशा गुणाचं चामडं बॅगांसाठी कमावून घेतलं. त्या बॅगांना बहुधा अस्तरच नसायचं. अस्तर नसलं की चामड्याची मागची बाजू उघडी राहते, हलक्या प्रतीचं कातडं वापरलं तर ते लगेच दिसतं. कडेला चामड्याचाच गोट. 1962 मध्ये डिझायनर बॉनी कॅशिन आल्या, त्यांनी भडक रंग आणले आणि फिरवून बंद होणारी पितळी कळ आणली. ती कल्पना त्यांना त्यांच्या उघड्या टपाच्या गाडीवरून सुचली होती. बोटाने कळ फिरवायची, बॅग बंद. वर्षानुवर्षं वापरूनही ढिली न पडलेल्या अशा कळा मी स्वतः फिरवून पाहिल्यात. हे सगळं कळायला चामडं कळावं लागतं, आणि ते मला कळतं.

लोगोबद्दल म्हणाल तर सगळीकडे पसरलेली ती ‘सी’ची नक्षी 2001 ची. त्याआधीची साठ वर्षं तुम्ही एका फटक्यात पुसून टाकलीत! त्या नक्षीच्या कापडी बॅगांचा मलाही वीट आला होता, म्हणूनच मी ब्रँडकडे पाठ फिरवली होती. 2013 मध्ये डिझायनर स्टुअर्ट व्हीव्हर्स आले आणि त्यांनी जुनी डिझाइन्स पुन्हा बाहेर काढली. 2019 ची ‘टॅबी’ नावाची बॅगही सत्तरच्या दशकातल्या एका बॅगेवरूनच घेतलेली आहे. तिच्यावरचा मोठा ‘सी’ मला आजही आवडत नाही, हवं तर हा मुद्दा तुमचा धरा. पण बदललेला माल पाहून मत बदललं, तर त्याला ‘पलटी मारली’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कुठल्या बॅगेची कुठली शिवण सुटली ते लिहा. मी प्रत्येक ओळीला उत्तर देईन. मला काय कळतं आणि काय नाही, यावर मात्र यापुढे एक अक्षरही इथे छापणार नाही.