पालिकेच्या बागेत काय फवारायचे, हे ठेकेदाराने का ठरवावे?

आपल्याकडच्या अनेक शहरांत सार्वजनिक उद्यानांची देखभाल आता ठेकेदारांकडे गेली आहे. आमच्या भागातल्या उद्यानाची निविदा मी माहिती अधिकारात मागवून पूर्ण वाचली. पाणी कधी द्यायचे, हिरवळ किती दिवसांनी कापायची, माळी किती ठेवायचे, हे सगळे तिच्यात सविस्तर आहे. तण वाढले किंवा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, तर त्यावर काय मारायचे आणि काय अजिबात मारायचे नाही, याविषयी मात्र तिच्यात एक ओळही नाही. त्यामुळे ठेकेदाराला जे स्वस्त आणि झटपट वाटते तेच फवारले जाते, आणि ते काय होते हे बागेत येणाऱ्या कोणालाच कळत नाही.

पावसाळ्यात मी ही फवारणी जवळून पाहिली. पेव्हर ब्लॉकच्या फटींतले आणि हिरवळीच्या कडेचे गवत मारायचे होते. पंप पाठीवर घेतलेल्या कामगाराच्या पायात स्लिपर होत्या, तोंडाला रुमाल होता, हातमोजे नव्हते. तणनाशक बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजून बादलीत ओतले गेले आणि तिथेच पडलेल्या काठीने ढवळले गेले. उद्यानाचे फाटक उघडे होते, मुले घसरगुंडीवर होती आणि सूचनाफलक कुठेही नव्हता. यात त्या कामगाराचा काडीचाही दोष नाही. कीटकनाशक हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे आणि गरजेप्रमाणे श्वसनसंरक्षक साधने मिळाली पाहिजेत, असे 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात आणि कायद्याच्या व्याख्येत तणनाशकेही येतात. नियम आहे, पण तो त्या बादलीपर्यंत पोहोचलेला नाही.

आपल्या बागांची एक गोष्ट या विषयाला अधिक गंभीर करते. आपल्याकडे बागेतले गवत नुसते बघण्यासाठी नसते. चतुर्थीला आणि गणपतीच्या दिवसांत कितीतरी घरांतली दूर्वा याच हिरवळीतून खुडली जाते. मंगळागौरीच्या पत्रींसाठी आघाडा आणि बेल इथूनच नेतात. कुंपणाकडेला उगवलेली घोळ किंवा टाकळा भाजीसाठी खुडणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. ग्लायफोसेटसारखे तणनाशक पानांतून आत शिरून मुळांपर्यंत जाते आणि त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस गवत हिरवेगारच दिसते. दूर्वा खुडणाऱ्या आजींनी कितीही निरखून पाहिले तरी कालच त्यावर फवारणी झाली आहे हे त्यांना समजणार नाही. फलक हवा तो याचसाठी.

आपला कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. कोणते रसायन देशात विकायचे आणि त्याच्या वेष्टनावर काय छापायचे हे दिल्लीत ठरते. राज्य सरकारला एखाद्या कीटकनाशकावर बंदी घालता येते, पण ती 60 दिवसांची, फारतर आणखी 30 दिवसांची. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली ती 60 दिवसांचीच होती. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटविषयी अधिसूचना काढली आणि ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावे असे म्हटले. या सगळ्या रचनेत नगरपालिका किंवा महानगरपालिका जवळपास कुठेच दिसत नाही.

म्हणूनच कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील हडसन या छोट्या गावाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तिथे जून आयर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ 1980 च्या दशकात नगरपरिषदेच्या सभांना चिकाटीने जात राहिल्या आणि बागांमधल्या फवारणीचा प्रश्न मांडत राहिल्या. 1991 मध्ये परिषदेने उपविधी, म्हणजे गावापुरता नियम, केला आणि केवळ शोभेसाठी होणारी फवारणी थांबवली. शेतीसारख्या कामांसाठी त्यात सवलत ठेवली होती. हिरवळीची निगा राखणाऱ्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या. रसायनाला केंद्राची मंजुरी आहे आणि आमच्याकडे प्रांताचा परवाना आहे, मग गाव मध्ये येणारे कोण, असा त्यांचा युक्तिवाद होता. 28 जून 2001 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला. केंद्राने मंजुरी द्यावी, प्रांताने परवाने द्यावेत आणि आपल्या हद्दीत त्याचा वापर कुठे व कशासाठी व्हावा हे गावाने ठरवावे, या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, असा त्याचा अर्थ होता. पुढे क्वेबेकने 2003 मध्ये कीटकनाशकांच्या वापराविषयी प्रांताची संहिता आणली आणि ऑन्टारिओत 2009 पासून शोभेसाठीच्या फवारणीवर प्रांतभर बंदी आली. फ्रान्सनेही 2017 पासून सार्वजनिक उद्यानांत रासायनिक कीटकनाशके बंद केली.

हडसनने खाजगी अंगणांवरही नियम लावला होता, म्हणून प्रकरण एवढे वर गेले. माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. उद्यानाची जमीन पालिकेची आहे आणि कामाचे पैसे पालिकाच देते. आपल्या जागेत आपल्या पैशाने काय फवारून घ्यायचे नाही, हे निविदेत लिहायला कोणताही कायदा बदलावा लागत नाही.

ग्लायफोसेटने कर्करोग होतो की नाही, यावर वाद आहे आणि तो मी लपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले, तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. पण बागेबाबतचा निर्णय या वादाच्या निकालापर्यंत थांबवण्याची गरज मला वाटत नाही. शेतात तण वाढले तर वर्षाचे पीक जाते, म्हणून शेतकऱ्याला जोखीम तोलून पाहावी लागते. बागेत तण वाढले तर फार तर ती थोडी अस्ताव्यस्त दिसते. केवळ दिसण्यासाठी त्या कामगाराने आणि त्या मुलांनी थोडीही जोखीम का पत्करावी, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

डेंग्यूच्या साथीतली धुरळणी हा आरोग्याचा प्रश्न आहे, तिला या नियमातून वगळावेच लागेल. गाजरगवत मात्र फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटता येते आणि त्याची पाने फस्त करणारा मेक्सिकन भुंगा आपल्याकडे 1980 च्या दशकापासून वापरात आहे. माव्यासाठी आणि पिठ्या ढेकणासाठी निंबोळी अर्क, साबणाचे पाणी आणि वेळच्या वेळी छाटणी यांनी बरेच भागते. हाताने खुरपायला माणसे जास्त लागतील आणि खर्च वाढेल, हे खरे आहे. तो खर्च पालिकेने अंदाजपत्रकात धरावा, कारण मजुरीवर गेलेला पैसा निदान शहरातल्याच कोणाच्या तरी घरी जातो.

आमच्या उद्यानाची नवी निविदा मार्चनंतर निघणार आहे. शोभेसाठी रासायनिक तणनाशक बंद, अपवाद फक्त उद्यान अधीक्षकांच्या लेखी परवानगीने, आणि अशा वेळी फवारणीआधी व नंतर फाटकावर मराठीत रसायनाचे नाव, तारीख आणि किती दिवस गवताला हात लावू नये याचा फलक, एवढ्या अटींचे निवेदन मी प्रभाग समितीला दिले आहे. आपापल्या उद्यानाची निविदा आणि गेल्या वर्षभरातल्या फवारणीची नोंद तुम्हीही मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. फवारणीची नोंदच ठेवलेली नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्या आणि निवेदनाला जोडा.