फक्त प्रार्थनेने दारू सोडायला सांगणाऱ्यांसाठी

आज सकाळी पुन्हा तोच फॉरवर्ड. ‘डॉक्टर नको, औषध नको, मनापासून प्रार्थना करा, दारू आपोआप सुटेल.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. डोकंच फिरलं.

अहो, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर काही तासांतच हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास, ताप, बरळणं सुरू झालं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो, थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) लागतं, देखरेख लागते.

आणि हे मी प्रार्थना मानणारा माणूस म्हणून लिहितोय. मे 1935, अमेरिकेतलं ॲक्रन. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा. धंद्याचा व्यवहार फसलेला, दारू सोडून जेमतेम पाच महिने. एकीकडे बारमधला गलका, दुसरीकडे टेलिफोन आणि चर्चची यादी. ज्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटात तो जायचा तिथे रोज सकाळी शांत बसून प्रार्थना करायची रीत होती. पण त्या क्षणी त्याने फोन उचलला. कशासाठी? बोलायला दुसरा दारुडा हवा म्हणून! दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब भेटले, तिथलेच सर्जन आणि स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि रात्रीपर्यंत बोलत बसले. त्यातूनच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायची संघटना, उभी राहिली. आणि हाच बिल डिसेंबर 1934 मध्ये इस्पितळात दाखल झाला होता, हे फॉरवर्डवाले कधी सांगणार?

देव न मानताही लोक सोबर राहतात, हे मान्य. संघटनेच्या 1939 च्या पुस्तकात ‘देव’ या शब्दाला जोडून ‘आम्हाला जसा समजला तसा’ हे शब्द घातले ते अशांचाही विचार करूनच. त्यात दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांतल्या सातवीतलं गुडघे टेकणंही छापण्याआधी काढलं.

प्रार्थना करायची तर नीट करा. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी. मागायचं फक्त आजचं: पहिला प्याला नको आणि आज काय करायचं ते कळू दे. मग पाच मिनिटं गप्प. रात्री पडण्याआधी हिशेब: राग कुणाचा धरला, खोटं कुठे बोललो, भीती कशाची वाटली, माफी कुणाची मागायची राहिली. ज्याच्यावर दात आहे त्याचं भलं व्हावं म्हणून दोन आठवडे रोज मागा, मनात नसलं तरी. पहिले काही दिवस शब्द घशात अडकतात. अडकू देत.

बिघडतं ते सौदा केला की. ‘नोकरी वाचव, परत शिवणार नाही.’ नोकरी वाचली की वचन विसरलं, गेली की प्यायला कारण तयार. दुसरा घोळ म्हणजे बायकोचे पैसे परत करायचे सोडून देवाकडेच माफी मागत बसणं.

घरच्यांनो, तुमचा माणूस पुन्हा प्यायला तर तुमची प्रार्थना कमी पडली असं कुणालाही म्हणू देऊ नका. स्लिप होणं हा या आजाराचाच भाग आहे. तुम्ही पुष्कळ केलंत.

आणि तलफ आली की बिलने लॉबीत फोन उचलला तसा उचलायचा. एक ओळ प्रार्थना, लगेच फोन. लाट बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तोवर बोलत राहायचं. स्पॉन्सरने (संघटनेतला आपल्याला सांभाळणारा जुना सदस्य) उचलला नाही तर दुसरा नंबर, मग तिसरा. ते नंबर आजच, शुद्धीत असताना, कागदावर लिहून खिशात ठेवा.