नावांची उलथापालथ नव्हे

मातीतल्या माइट्सचे (कोळ्यांच्या नात्यातल्या सूक्ष्म जीवांचे) जुने टाइप नमुने, म्हणजे ज्यांवरून जातीला नाव दिले ते मूळ नमुने, पुन्हा तपासणे म्हणजे निव्वळ नावांची उलथापालथ, असा मी वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. तो मला अजिबात पटला नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा जीव. त्याची ओळख पाठीवरचे केस किती, कुठे, कसे, यावर ठरते. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनांत हे बहुधा नसतेच. इटलीचे माइट-अभ्यासक अंतोनिओ बर्लेसे यांची लॅटिन वर्णने कधी कधी चार ओळींत संपतात. मग फ्लॉरेन्समध्ये जपलेल्या त्यांच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या पाहण्यावाचून पर्याय काय? माइट्सच्या ऑरिबॅटिड गटात तर पिल्ले प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात, की एकाच जातीला दोन नावे मिळाली आहेत.

आणि हे काम थांबवून चालत नाही. गम अरेबिक व क्लोरल हायड्रेटच्या माध्यमात काचपट्टीवर बसवलेले नमुने काळवंडतात, माध्यमात स्फटिक होतात, केस दिसेनासे होतात. मूळ मालिकेतला एकच नमुना लेक्टोटाइप, म्हणजे त्या नावाचा एकमेव आधार, म्हणून निश्चित करायचा, तर तो दिसतो आहे तोवरच करायला हवा. डीएनएवर सगळे सोडावे हेही मला मान्य नाही. जुन्या पट्टीतून बहुतेकदा डीएनए मिळतच नाही, आणि नाव तर त्या पट्टीलाच बांधलेले असते.