बोत्सवानाचं नाव घेऊन हक्कसोड मागू नका

‘बोत्सवानात मुलीला बापाच्या घरात काडीचा हक्क नसतो, परदेशी नवरा केला तर मुलांना नागरिकत्व नाही, जमीन नवऱ्याच्याच नावावर, संसदेत बाईला कुणी विचारत नाही. आपल्या बायका किती सुखी!’ आफ्रिकेतल्या या देशाबद्दलचा हा मेसेज सध्या फिरतोय. माझ्या आत्याला तो तिच्या भाच्यानेच पाठवला, तेही हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागलेला असताना. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी घराचं. तिथल्या कान्ये गावात एडिथ म्मुसी आणि तिच्या बहिणी बापाच्या घराची डागडुजी पदरच्या पैशाने करत होत्या. घर धाकट्या मुलाकडे जातं, या न्ग्वाकेत्से जमातीच्या रूढीवर बोट ठेवून त्यांच्या भाच्याने दावा ठोकला. पारंपरिक न्यायालयांत शेवटी तोच जिंकला. मेसेज इथपर्यंतच खरा आहे. त्यानंतर या बहिणी उच्च न्यायालयात गेल्या. एडिथबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. समाज अजून तयार नाही, अशी बाजू सरकारतर्फे मांडली गेली. न्यायमूर्ती डिंगाके यांनी 2012 मध्ये ती झिडकारली: केवळ बाई म्हणून वारसा नाकारणारा नियम घटनेच्या विरुद्ध आहे. 2013 मध्ये अपील न्यायालयानेही बहिणींच्याच बाजूने निकाल दिला आणि रूढी काळाबरोबर बदलते, हेही बजावलं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हा निकाल गाळला. ही सरळसरळ लबाडी आहे. आणि आपल्याकडेही हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय, तो कुणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही.

नागरिकत्वाचा मुद्दा तर केव्हाच शिळा झाला. परदेशी नवरा असलेल्या वकील युनिटी डाऊ यांनी मुलांच्या नागरिकत्वाचा खटला 1992 मध्ये अपील न्यायालयात जिंकला, 1995 मध्ये कायदा बदलला आणि पुढे त्याच बाई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. जमिनीचं म्हणाल तर 2020 पासून विवाहित बाईलाही नवऱ्यापासून वेगळा, स्वतःच्या हक्काने भूखंड मिळू शकतो.

संसदेचं मात्र नाइलाजाने मान्य करावं लागतं. 2019 मध्ये 57 मतदारसंघांतून फक्त 3 बायका निवडून आल्या. शिवाय मेसेजवाल्याला माहीतही नसलेली एक गोष्ट सांगते: पत्नीवरचा नवऱ्याचा कायदेशीर अधिकार 2004 च्या कायद्याने रद्द झाला खरा, पण पारंपरिक पद्धतीने झालेली लग्नं त्यातून वगळली. तिथल्या बायकांची ती लढाई अजून बाकी आहे.